अंदरकी बात

वांगं फुटलं तेव्हा चुडामण नाना हातातली काडी हवेत धरून जगाची वाटणी करत होते.

फाडकन आवाज झाला, कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळातून ठिणग्या उडाल्या आणि वांग्याच्या गराचा एक गरम गोळा थेट तोतारामच्या पायजम्यावर येऊन बसला. तोताराम नानांचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती आणि गेली कित्येक वर्षं त्यांचा एकमेव नियमित श्रोता. तो ओरडत उठला.

"टोचलं नही का वांगं?" लताबाईंनी विचारलं.

भरिताच्या वांग्याला तेलाचा हात लावायचा, चार जागी काडीने टोचायचं आणि मगच जाळात घालायचं, हे नशिराबादच्या आसपास शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाना तर भरिताचे मानकरी. हिवाळ्यात कुणाच्याही मळ्यात भरीत असलं की वांगी भाजायला त्यांनाच बोलावणं यायचं. दोन हातांत दोन वांगी तोलून ते बियांचं कुठलं आणि गराचं कुठलं ते डोळे मिटून सांगत. त्या माणसाच्या हातून टोचायचं राहिलं. लताबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि उरलेली वांगी आपल्या पुढ्यात ओढून घेतली.

"तं मी काय सांगत व्हतो," नानांनी धागा पुन्हा पकडला, "ही युद्धबंदी टिकत नही. वरून तुम्हाले दिसते पुलं बांधू राह्यले, दवाखाने बांधू राह्यले. अंदरकी बात वेगळी आहे. त्या जमिनीखाली जे आहे ना, ते दोन्ही मोठ्या देशाहीले पाहिजे. एकाची मशीन वरून पाहू राह्यली, दुसऱ्याची बाजूच्या देशात येऊन बसेल आहे. होळीच्या आत पुन्हा सुरू होते पाहा."

"पन मागच्या आठवड्यात तं तुम्हीच म्हनत व्हते, टिकते म्हनून," तोताराम पायजमा झटकत म्हणाला.

"मागच्या आठवड्यात परिस्थिती वेगळी व्हती."

मागच्या आठवड्यात कुंदनला तो फोन आलेला नव्हता, एवढीच काय ती परिस्थिती वेगळी होती. पण हे तोतारामला माहीत नव्हतं.

कुंदन विहिरीपाशी कांद्याची पात धूत होता. नाना-लताबाईंचा हा एकुलता एक. जळगावला डिप्लोमा केला, धुळ्याला रस्त्यांच्या मोजणीवर नोकरी धरली, तिथे ड्रोन उडवायला शिकला आणि दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने त्याला उचलून तिकडे नेलं. त्या शहराचं नाव लताबाईंना अजून नीट उच्चारता येत नाही, त्या 'तिकडे' म्हणतात, म्हणून आपणही तिकडेच म्हणू. युद्धात अर्धं शहर पडलं होतं. आता ते पुन्हा बांधायचं चाललं होतं, आणि बांधायच्या आधी जे पडलं आहे त्याचा वरून नकाशा काढायचा, हे कुंदनचं काम. तो महिन्याभराच्या सुट्टीवर आला होता. आल्या आल्याच कंपनीचा फोन आला: आणखी वर्षभर येणार का, ते लवकर कळव.

कुंदनने आई-वडिलांना सांगितलं. लताबाई चुलीकडे वळल्या. नानांनी टीव्ही लावला.

नानांना गावात 'अंदरकी बात' असंच नाव पडलं होतं. गावच्या नळाला पाणी उशिरा येण्यापासून ते दोन महासत्तांनी एकमेकांच्या यंत्रांवर बंदी घालण्यापर्यंत जगात जे काही घडतं, त्याच्या पोटात दुसरंच काहीतरी असतं, यावर त्यांची श्रद्धा होती. कुणी देणगी दिली की नाना विचारत, निवडणूक कधी आहे? कुणी तह केला की विचारत, तेल कुणाचं? कधी त्यांचं बरोबर यायचं, पुष्कळदा चुकायचं, आणि चुकलं की त्या चुकण्यामागेही अंदरकी बात निघायची. लोक हसत, पण संध्याकाळी फाट्यावरच्या टपरीवर बातम्या लागल्या की माना आपसूक नानांकडे वळत.

भरीत लाकडी बडगीत कुटून झालं, फोडणी पडली, केळीच्या पानांवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आली. पहिले काही घास कुणी बोललं नाही. भरीत चांगलं झालं की आमच्याकडे असंच होतं.

"मी असं ऐकलं," बोटं चाटत तोताराम म्हणाला, "का शेतकरी गटाकून तुम्ही फवारणीचं ड्रोन आनू राह्यले. केळीवर करपा पडला तं वरूनच औषध."

"हो. जमाना तसाच आहे," नाना पानाकडे बघत म्हणाले. "सारं वरूनच होनार आता."

"मागच्या साली टपरीवाल्या बन्सीलालनं हीच गोष्ट काढली, तं तुम्ही म्हनले व्हते का केळीले ड्रोन म्हनजे उंटावरून शेळ्या."

"बन्सीलालले कोन चालवून देनार व्हतं? त्याले मोटारसायकल चालवता येत नही धड."

"मंग आता कोन चालवनार?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरितात बुडवला आणि तोंडात घालायचा विसरले. तोतारामने कुंदनकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि त्याच्या मिशीत हसू आलं.

"चुडामण भाऊ," तो म्हणाला, "या ड्रोनची अंदरकी बात काय आहे, सांगा ना."

इतक्या वर्षांत हा प्रश्न नानांनी साऱ्या जगाला विचारला होता. त्यांना तो पहिल्यांदाच कुणी विचारला. ते ठसकले. लताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तोतारामच्या पानावर न मागता भरिताचा आणखी एक मोठा गोळा वाढला. तोंड भरलेलं माणूस कमी बोलतं.

कुंदन खाली मान घालून जेवत होता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

दोन वर्षांपूर्वी कुंदन पहिल्यांदा निघाला, तो दिवस लताबाईंच्या मनात जसाच्या तसा होता. जळगाव स्टेशनावर गाडी हलली, तिचा मागचा डबा दिसेनासा झाला तरी त्या तिथेच उभ्या होत्या. पडलेल्या घरांच्या, धुराच्या बातम्या त्याही बघतच होत्या. रिक्षात बसल्यावर रडायलाही येईना. तेव्हा नाना बाहेर बघत, अगदी सहज, जणू रिक्षावाल्याला सांगत असल्यासारखे म्हणाले होते, "आता तठी काही होत नही. मोठ्याहीचा पैसा सिमेंटात अडकेल आहे. पैसा अडकला का कोनी बाँब टाकू देत नही." मग घरापर्यंत ते त्याच विषयावर बोलत राहिले. कुठल्या देशाचं सिमेंट, कुठल्या देशाच्या सळया, कुणी किती बँकांना मधे घातलं आहे, सगळं तपशीलवार.

त्यातलं अर्धं रिक्षातच सुचलेलं आहे, हे लताबाईंना कळत होतं. नवरा खोटं बोलताना डाव्या हाताने गुडघा चोळतो, आणि त्या दिवशी नानांनी गुडघा नशिराबादपर्यंत चोळला होता. तरी त्या दिवशी लताबाईंना झोप लागली. पटलं म्हणून नव्हे. आपल्यासाठी या माणसाने एवढं रचून सांगितलं, म्हणून.

तेव्हापासून तिकडे काही खुट्ट झालं की त्या नानांना विचारत, "टिकन ना?" आणि नाना सांगत, "टिकन. सिमेंट."

आणि आता गेले चार-सहा दिवस त्याच तोंडातून होळीच्या आत तुटणार, असं येत होतं. बाकीच्यांना वाटत होतं नाना राजकारण बोलतात. लताबाईंना ते लख्ख समजत होतं. नवऱ्याला पोराला 'जाऊ नको' म्हणता येत नव्हतं. बापाने पोराला असं सांगायची त्यांच्या घरात रीतच नव्हती. नानांच्या वडिलांनी नानांशी आयुष्यात पाऊसपाणी आणि केळीचा भाव यांपलीकडे शब्द काढला नव्हता. मग नानांनी दोन महासत्तांना कामाला लावलं होतं.

जेवणं झाल्यावर तोताराम आंब्याखाली आडवा झाला. लताबाई भांडी घासायला बसल्या. नाना उठले आणि केळीच्या बागेत शिरले, आणि कुंदन त्यांच्या मागोमाग गेला.

आत गारवा होता. त्या बाजूचे घड नुकतेच कापून गेले होते. बिनघडाची खोडं नुसतीच उभी होती आणि प्रत्येकाच्या बुडाशी एकेक पील, नवा कोंब, तरारून वर आलेलं. कुंदनने मळ्यातल्या कोपीतला विळा सवयीने हातात घेतला होता. वाटेत आडव्या आलेल्या एका खोडावर त्याने तो उगारला.

"राहू दे," नाना म्हणाले. "एवढ्यात नको कापू. पिलाले अजून त्याच्यातूनच खानं-पानी जाऊ राह्यलं."

कुंदनने विळा खाली घेतला. "इसरलोच."

"दोन वर्षं झाले. इसरशीनच."

दोघं बांधावर बसले. नाना सुकलेली पानं ओढून एका जागी करत राहिले, ज्याची काही गरज नव्हती.

"नाना, एक दाखवू?" कुंदनने फोन काढला.

पडद्यावर वरून घेतलेलं शहर होतं. शहर कसलं, राखाडी ढिगारे. मधून मधून साफ केलेले रस्ते, एखादं पिवळं यंत्र, एखादा उभा राहिलेला जिना, जो कुठेच जात नव्हता. नानांनी फोन लांब धरून डोळे बारीक केले. ढिगाऱ्यांवर जागोजागी लहान लाल ठिपके होते आणि ठिपक्यांपाशी बारीक इंग्रजी अक्षरं.

"हे काय लिहेल आहे?"

"उंबरा."

"आं?"

"उंबरा. आपला. दाराचा."

नानांनी पोराकडे पाहिलं.

"एक म्हातारी यायची आमच्या तंबूत," कुंदन म्हणाला. तो एरवी फोनवर चार वाक्यांत आटपणारा. आता मात्र सावकाश, थांबत थांबत बोलत होता. "रोज यायची. तिले म्हने तिचं घर वरून पाहायचं आहे. घर नव्हतंच, नाना. ढीग व्हता. तरी मी फोटो मोठा करून दाखवला. तिनं बराच वेळ पाह्यलं आन एका जागी बोट ठेवलं. दुभाष्या म्हने, ती म्हनते अठी दार व्हतं. दुसऱ्या दिवशी मलबा उचलाची मशीन तठीच आली. मी चालवनाऱ्याले म्हनलं, थांब जरासा. म्हातारी अन् तिची नात, दोघीनं हातानं विटा बाजूले केल्या. तं खालून उंबऱ्याचा दगड निघाला. अख्खा. मधी झिजेल."

"मंग?"

"मंग काही नही. दोघा-तिघानं उचलून हातगाडीवर ठेवून देला. ती बसली त्याच्यावर. तशीच बसून गेली."

नानांच्या हातातलं सुकं पान थांबलं होतं.

"मंग दुसरेही येऊ लागले. म्हनून मी नकाशात निशान्या टाकाले लागलो. जठी कोनी सांगलं अठी दार व्हतं, तठी लाल ठिपका. नाव काय देनार? मले सुचलं ते टाकलं. आता तठी सारेच उंबरा म्हनतात. मशीनवाला सकाळी ईचारतो, आज उंबरे किती? ठिपका आला का मशीन थांबते. घरचे लोक उतरतात, हातानं पाह्यतात. कोनाले दगड भेटतो, कोनाले दाराची कडी. कोनाले काहीच नही. मंग मशीन चालू."

नानांनी बोटाने दोन-तीन ठिपके मोजले. मग त्यांनी आयुष्यभराचा प्रश्न विचारला.

"अन् याच्यात कोनाचा काय फायदा?"

"कोनाचाच नही, नाना."

"कंपनीचा?"

"कंपनीचा तं तोटा. वेळ जातो."

नानांनी पुन्हा ठिपक्यांकडे पाहिलं. त्यांनी पुष्कळ उलटंपालटं करून पाहिलं, पण आत दुसरं काही सापडेना. अशी गोष्ट त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. त्यांना एकदम गोंधळल्यासारखं झालं आणि पोराचा अभिमान इतका दाटून आला की त्यांनी घसा खाकरून उगाच बाजूला थुंकी टाकली.

"मंग आता जायाचं काबरं पडलं? ठिपके तं टाकेल आहे."

"आता जुने ड्रोन बंद. या मोठ्यानं त्या मोठ्याच्या मशीनीवर बंदी घातली. आता यांची नवी मशीन येनार. ती सोताच उडते, सोताच नकाशा काढते. एका दिवसात सारं शहर. तिच्या नकाशात मलबा आहे, रस्ता आहे, लोखंड आहे." कुंदन थांबला. "उंबरा नही. आमच्यातला एकजन पाहिजे त्याहीले जुना नकाशा समजून द्याले. मी गेलो तं ते टाकून घेईन. दुसरा कोनी गेला तं... त्याले माहीतच नही ना, ते काय आहे ते."

बागेच्या टोकाला लताबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"पन तुम्ही सांगा," कुंदन म्हणाला. त्याने फोन खिशात घातला आणि समोरच्या खोडाकडे बघत बोलला. "टिकते का तुटते? तुम्ही रोज पाह्यतात, वाचतात. तुम्ही म्हनले तुटते, तं मी नही जात. तसं कळवून देतो उद्या."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. नानांनी हळूच त्याच्याकडे बघून खात्री करून घेतली. नव्हतीच.

आता एक शब्द पुरे होता. 'तुटन' एवढं म्हटलं की पोरगा इथेच. हीच बाग, हाच बांध, गटाचं ड्रोन, येत्या वर्षात सून, सगळं एका शब्दावर येऊन थांबलं होतं. नानांनी तोंड उघडलं. त्यांचा डावा हात गुडघ्यावर गेला, तसाच राहिला, आणि मग तो त्यांनी उचलून घेतला.

"सकाळी सांगतो," ते म्हणाले. "रात्रीच्या बातम्या पाहू दे."

रात्रीच्या बातम्या त्यांनी लावल्याच नाहीत. लताबाईंनी दोनदा रिमोट त्यांच्यापाशी सरकवून ठेवला, दोनदाही तो तिथेच राहिला.

सकाळी नाना ओट्यावर चहाची कपबशी घेऊन बसले होते. कुंदन नळापाशी दात घासत होता. लताबाई दारातच सूप घेऊन दादर ज्वारी पाखडत होत्या. तोताराम समोरून आला आणि बसायच्या आधीच म्हणाला,

"काय चुडामण भाऊ, आज काय म्हनते तुमची युद्धबंदी? होळी कराची का तिची?"

लताबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"टिकन," नाना म्हणाले.

"आं?"

"टिकन. मोठ्याहीचा पैसा सिमेंटात अडकेल आहे." नानांनी बशीत चहा ओतला. "पैसा अडकला का कोनी बाँब टाकू देत नही."

"अहो, पन काल तं मळ्यात तुम्ही..."

"कालची बातमी वेगळी व्हती."

"एका रात्रीत काय असं..."

"तोताराम भाऊ," लताबाई म्हणाल्या, "चहा ठेवू ना तुम्हाले? साखर जास्त टाकते." आणि उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. चुलीपाशी जाऊन त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला आणि पाणी उकळेपर्यंत तसाच धरून ठेवला. नवऱ्याने पोराला जायला मोकळं केलं होतं. रिक्षातलं तेच वाक्य, जसंच्या तसं.

बाहेर कुंदन ब्रश हातात धरून उभा होता. तो वडिलांकडे बघत होता आणि वडील बशीकडे बघत होते. मग त्याने चूळ भरली, आला आणि ओट्यावर नानांच्या शेजारी बसला. एरवी तो समोर बसतो.

"सिमेंट कोनाचं, नाना?" त्याने विचारलं.

नानांना हुरूप आला. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि कुंदन एकेक गोष्ट खरी असल्यासारखा मान हलवत ऐकत राहिला.

निघायच्या दिवशी पिशव्या बांधताना लताबाईंनी कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, केळीचे वेफर आणि लसणाची चटणी असं सगळं कोंबलं. पापड तुटतील म्हणून कुंदनने ते वर घेतले, विमानात वजन होईल म्हणून नानांनी काढले आणि लताबाईंनी दोघांची पाठ वळताच पुन्हा खाली घातले. जळगाव स्टेशनावर कुंदन दोघांच्या पाया पडला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "ते ठिपके सारे टाकून घेजो." आणखी काही सांगायचं होतं, पण तेवढ्यात गाडीची घोषणा झाली आणि जो तो सामानाच्या मागे लागला.

परतताना रिक्षात नाना बाहेर बघत बसले. या वेळी सिमेंटाचा विषय निघाला नाही. फाट्यावर उतरल्यावर लताबाई घराकडे वळणार तोच नाना म्हणाले, "चहा घेऊ." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला टपरीवर चहाला नेलं नव्हतं. बायका तिथे बसत नाहीत. लताबाई क्षणभर थबकल्या, मग पदर सारखा करून कडेच्या बाकावर बसल्या.

टपरी बन्सीलालची. आत टीव्ही नेहमीसारखा मोठ्याने चालू होता, चार-पाच माणसं माना वर करून उभी होती. पडद्यावर लाल पट्टी सरकत होती. तिकडची बोलणी फिसकटली होती. एका बाजूचे लोक टेबलावरून उठून गेले होते. निवेदिका घाईघाईने बोलत होती आणि मागे तेच ते राखाडी ढिगारे वरून दिसत होते.

"बरं झालं आले, नाना," बन्सीलाल दोघांना चहाचे ग्लास देऊन पुन्हा गाळणी हातात घेत म्हणाला. "आम्ही तुमचीच वाट पाह्यत व्हतो. आता काय? अंदरकी बात काय आहे?"

सगळ्या माना वळल्या.

नानांनी पडद्याकडे पाहिलं. ओठ हलले. गाडी अजून चाळीसगावलाही पोचली नसेल. हातातल्या ग्लासातला चहा काठावर हिंदकळला आणि बोटांवर सांडला, तरी त्यांनी ग्लास खाली ठेवला नाही. त्यांना बोलता येत नाही, असं टपरीवर कुणी कधी पाहिलं नव्हतं. बन्सीलालने गाळणी खाली ठेवली.

"टिकन," कडेच्या बाकावरून आवाज आला.

माणसं वळून बघू लागली. लताबाई पदर सावरून समोर बघत बसल्या होत्या.

"टिकन," त्या पुन्हा म्हणाल्या. "असं उठून जातात अन् परत येऊन बसतात. मोठ्याहीचा पैसा सिमेंटात अडकेल आहे. सळईत अडकेल आहे. बँका मधी आहे. पैसा अडकला का कोनी बाँब टाकू देत नही."

टपरीत कुणी हसलं नाही. टीव्हीवर जाहिरात लागली.

नाना बायकोकडे बघत होते. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याने ती हळूहळू गुडघा चोळत होती, अगदी नानांसारखा. असं रचून सांगणं तिला कधीपासून जमायला लागलं, त्यांना कळेना. मग कळलं. दोन वर्षांपूर्वीच्या रिक्षापासून आजवरचं सगळं त्यांना एकदम कळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलेही नाहीत.

ते उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तुले कोनी सांगलं हे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

लताबाईंनी त्यांच्या हातातला ग्लास घेतला, सांडलेला चहा पदराने पुसला, उरलेला अर्धा स्वतःच्या ग्लासात ओतून घेतला आणि ग्लास त्यांना परत दिला.

"अंदरकी बात आहे," त्या म्हणाल्या. "घ्या, गरम आहे तवर."